न तापवलेलं दूध

मंगळवारी सकाळी मीना घरत उलव्याच्या बिल्डिंगांना दूध घालून जासईला परतली, तेव्हा वासरू कुशीवर पडलं होतं. रविवारपासून त्याला हगवण लागली होती. अठरा दिवसांचं वासरू, आईचं दूध जरा जास्त झालं की पोट बिघडतंच, असं म्हणून मीनाने त्याला तांदळाची पेज आणि बेलफळाचा गर पाजला होता. आजवर कितीतरी वासरांना तिने हाच इलाज केला होता आणि ती दुसऱ्या दिवशी उड्या मारायला लागली होती. हे उठत नव्हतं. त्याच्या शेपटाखाली जे लागलं होतं ते पिवळं नव्हतं, लालसर होतं, त्यात शेंबडासारख्या तारा होत्या. वास तर असा की सोळा वर्षं शेणात हात घालणाऱ्या मीनालाही तोंड फिरवावं लागलं.

मग तिचं लक्ष चांदीकडे गेलं. चांदी या वासराची आई. पहाटे घातलेली वैरण तिच्या गव्हाणीत तशीच पडली होती. मीनाने तिच्या कानाच्या मुळाशी हात लावला तर चटकाच बसला. पहाटे धार काढताना चांदीचं दूध निम्म्यावर आलं होतं, पण पोर आजारी म्हणून गाय पान्हा चोरत असेल असं मीनाला वाटलं होतं. ते दूध तिने नेहमीसारखं बाकीच्या चार गाईंच्या दुधात ओतलं होतं आणि चोवीस घरांना घातलं होतं.

तिने गुरांच्या डॉक्टरला फोन लावला.

मीना सेहेचाळीस वर्षांची. माहेर पागोट्याचं, दिलं जासईला. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याचं मिठागर होतं आणि भाताची दोन शेतं. पुढे मिठागर बंदरात गेलं, शेतं शहरात गेली. नवरा सिताराम कंटेनर यार्डात नोकरीला लागला आणि मीना दिवसभर घरात रिकामी बसायला लागली. रिकामं बसणं तिला कधी जमलंच नाही. माहेरून एक गाय आणून तिने घरामागच्या पट्ट्यात पत्रे टाकले. दारावरून दिवसभर ट्रेलर धावतात तिथे गोठा कसला करतेस, म्हणून शेजारणी हसल्या. पण समोर उलव्याचे टॉवर उभे राहिले, त्यात माणसं राहायला आली, आणि एक दिवस मीना हातात कॅन घेऊन एका गेटपाशी जाऊन उभी राहिली. चाळिसाव्या वर्षी ती स्कूटी शिकली. गाई पाच झाल्या.

गिऱ्हाइकं जोडायची तिची एक रीत होती. ती बोलकी होती, वेळेची पक्की होती, आणि दुधात पाण्याचा थेंब घालत नव्हती. पण सगळ्यात जास्त कामाला आलं ते तिचं एक वाक्य. योगाचे क्लास घेणारी एक बाई तिच्याकडून दूध घ्यायची आणि कच्चंच प्यायची. दूध तापवलं की त्यातला जीव जातो, असं ती सगळ्यांना सांगायची. मीनाला त्यातलं फार कळत नव्हतं, पण तिच्या बापाने तिला लहानपणी धारेखाली पेला धरून दूध पाजलं होतं, त्यामुळे ते पटायला वेळ लागला नाही. मग नव्या घरी गेली की तीही सांगायची, "ताई, माझ्या गाई साफ हायत. तापवायला पन नको." बोलून बोलून ते तिला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं.

डॉक्टर प्रियदर्शिनी दहाच्या सुमारास आली. कराडकडची मुलगी, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी बदलून आलेली, गावातल्या सगळ्या बायकांना काकू म्हणणारी. एरवी ती आल्याबरोबर चहा मागायची. त्या दिवशी तिने वासराकडे एकदा बघितलं आणि आधी हातमोजे घातले. मीनालाही घालायला लावले. चांदीचा ताप मोजला, दोघांच्या शेणाचे नमुने घेतले, दुधाचाही घेतला, आणि डब्या बंद करता करता तिने जे विचारलं ते गुरांबद्दल नव्हतं.

"काकू, हिचं दूध कुठं जातं?"

मीनाने सांगितलं.

"आज पण गेलं?"

"आज पन, काल पन. का गो?"

डॉक्टर गव्हाणीच्या कठड्याला टेकली. "रिपोर्ट आल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही. पण साल्मोनेला असावा असं मला वाटतंय. गुरांच्या आतड्यात राहणारा जंतू आहे, आपल्या टायफॉइडच्या जंतूचा भाऊबंद म्हणा. शेणातून कासेला लागतो, कासेवरून हाताला आणि हातावरून दुधात. कधी थेट दुधातूनही उतरतो. उकळलं की मरतो, त्यामुळे तापवून पिणाऱ्याला काळजी नाही. कच्चं प्यायलं तर माणसाला धरतो. धडधाकट माणूस चार-आठ दिवसांत उठतो. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई, यांचं मात्र सांगता येत नाही."

गरोदर बाई हे शब्द ऐकले आणि पुढचं मीनाला नीट ऐकूच आलं नाही.

चोवीसपैकी वीस घरं दूध तापवून घेत. चार घरं कच्चं पीत. त्यातलं एक घर सतराव्या मजल्यावरच्या वैदेहीचं होतं. वैदेहीला सातवा महिना लागला होता. ती मीनाला मीनाताई म्हणायची, दार उघडलं की दोन मिनिटं तरी बोलायची, आणि तिथेच उभी राहून कॅनमधलं अर्धा पेला दूध प्यायची. मीनाला ते बघायला आवडायचं. रविवारी प्यायली होती. सोमवारीही प्यायली होती. मंगळवारी दार निशांतने, तिच्या नवऱ्याने, उघडलं होतं आणि भांडं पुढे केलं होतं. वैदेही झोपली आहे, एवढंच तो म्हणाला होता.

सिताराम रात्रपाळी करून आला होता आणि ओट्यावर बसून सगळं ऐकत होता. डॉक्टर चांदीला इंजेक्शन द्यायला वळली तसा तो मीनाला बाजूला घेऊन समजावायला लागला. रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतोय, तोवर दूध बंद ठेव, गाय आजारी हाय सांग. उगाच जंतूबिंतूचं नाव काढलंस तर एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर जाईल आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या उलव्यात होईल. सोळा वर्षांचं काम हाय तुझं. आनि समज, रिपोर्टमधी काय नाय आलं तर?

तो चुकीचं बोलत नव्हता. मीनाने ते कबूलही केलं. पण वैदेही आज झोपलेली का होती, हा प्रश्न तिच्या डोक्यातून जात नव्हता. त्या घरात इतक्या महिन्यांत निशांतने दार कधी उघडलं नव्हतं.

तिने कोपरापासून साबण लावून हात धुतले, डॉक्टरने सांगितलं म्हणून साडीही बदलली. मग फोन करायला बसली. पहिला फोन जिमला जाणाऱ्या एका पोराला. त्याने लगेच दूध ओतून टाकतो म्हणून सांगितलं. एक घर गावाला गेलं होतं, त्यांनी शनिवारपासून दूध घेतलंच नव्हतं. योगावाल्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि उलट मीनालाच झापलं, डॉक्टर लोक अशीच भीती घालतात म्हणाली. वैदेहीने फोन उचलला नाही. मीनाने परत लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हाही नुसता वाजत राहिला.

"डॉक्टर, मना कागदावर लिहून देशील?" ती म्हणाली. "मी सांगितलेलं कोन मानायचं नाय."

प्रियदर्शिनीने दवाखान्याच्या चिठ्ठीवर आजाराचं नाव, संशय असल्याचं, नमुना पाठवल्याची तारीख आणि खाली स्वतःचा नंबर लिहिला. सितारामने स्कूटीची चावी आणून दिली.

गेटवरच्या वॉचमनला मीना रोज दिसायची, पण सकाळी सहाला. साडेअकराला हातात कॅन नसलेली मीना बघून तो गोंधळला. वरती फोन केला पाहिजे म्हणाला. वरती कोणी उचलेना. मग रूल आहे, काय करणार, असं त्याचं सुरू झालं. मीनाने त्याला शांतपणे सांगितलं की वरती बाई आजारी असू शकते आणि तिला काही झालं तर मी तुझं नाव सांगेन. तो बाजूला झाला.

दार निशांतने उघडलं. त्याची दाढी वाढलेली होती, हातात ओला रुमाल होता. वैदेहीला काल संध्याकाळपासून जुलाब होत होते. रात्रभर ताप उतरला नव्हता. शनिवारी बाहेर पाणीपुरी खाल्ली होती, त्याचंच झालं असणार, असं दोघांनी धरलं होतं. क्लिनिकमध्ये फोन केला तर व्हायरल असेल, पाणी पीत राहा, उद्या दाखवा, असं उत्तर मिळालं होतं. हे सगळं तो दारातच उभा राहून घाईघाईने सांगत होता, मीना दुधाचं काहीतरी विचारायला आली असेल अशा समजुतीने.

मीनाने चिठ्ठी पुढे केली आणि जे होतं ते सांगितलं. वासरू, गाय, एकत्र ओतलेलं दूध. वैदेहीला आत्ताच हॉस्पिटलात न्या आणि ही चिठ्ठी तिथल्या डॉक्टरला दाखवा, असंही.

निशांतने चिठ्ठी दोनदा वाचली. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, तापवायची गरज नाही?"

"हो," मीना म्हणाली. "मीच बोलली होती."

ती त्याच्या नजरेला नजर देऊन उभी राहिली. तेवढ्यात आतून वैदेहीने हाक मारली आणि निशांत धावला. ती बाथरूमच्या दाराला धरून उभी होती, ओठ सुकलेले, पोटावर एक हात. मधूनमधून पोट दगडासारखं होतंय, म्हणाली. मीनाची दोन बाळंतपणं झाली होती. सातव्या महिन्यात पोट दगड होण्याचा अर्थ तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

वैदेहीला धरायला कोणीतरी हवं होतं, म्हणून निशांतने मीनाला गाडीत बसू दिलं. गाडी बेलापूरच्या हॉस्पिटलकडे निघाली. मागच्या सीटवर वैदेहीचं डोकं मीनाच्या खांद्यावर होतं आणि तिच्या अंगाची धग साडीतून लागत होती. दर सात-आठ मिनिटांनी ती श्वास धरायची. मीना गाडीतल्या घड्याळाकडे बघून मनातल्या मनात मिनिटं मोजत होती.

हॉस्पिटलात पहिल्यांदा त्यांना साध्या जुलाबाच्या पेशंटसारखंच बसवलं. मग चिठ्ठी बाळंतपणाच्या डॉक्टरबाईंच्या हातात गेली आणि सगळं झपाट्याने हलायला लागलं. जंतू नुसता पोटात राहिला तर एक गोष्ट, रक्तात उतरला तर आईला आणि बाळाला दोघांनाही धोका, असं त्यांनी निशांतला सांगितलं. रक्ताचे आणि शौचाचे नमुने घेतले, आणि रिपोर्टची वाट न बघता शिरेतून औषध सुरू केलं. बाळाचे ठोके फार जलद पडत होते. कळा थांबवायचंही औषध लावलं. बाई बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या की ही चिठ्ठी नसती तर आम्ही उद्यापर्यंत सलाइनवरच ठेवलं असतं.

निशांतने ते ऐकलं. त्यानंतरही तो मीनाच्या बाकड्यावर बसला नाही, समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

मीना आपल्या गिऱ्हाइकांची घरं मनात एकेक करून तपासत होती. कोण तापवतं, कोण नाही, परत एकदा. तापवणाऱ्यांतल्या कारखानीसांशी आली आणि पुढे गेली, कारण कारखानीसांच्या घरी दूध आल्याबरोबर गॅसवर जातं, ते तिला पक्कं माहीत होतं. पण मन पुढे सरकेना. आज सकाळी कारखानीसांच्या सुनेने, सुमेधाने, दोन लिटर जास्त घेतलं होतं. एक लिटर वेगळ्या भांड्यात ओतायला लावलं होतं. हे तापवायचं नाही हं मीनाताई, पंचामृताचं आहे.

त्यांच्याकडे आज नव्या घराची सत्यनारायणाची पूजा होती. चार वाजता. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला वीस मिनिटं होती.

कारखानीसांचा फोन वाजत राहिला. सुमेधाचा लागला, वाजला, कोणी उचलला नाही. पूजेत कोण फोन घेणार. मीनाची स्कूटी उलव्यात उभी होती. तिने निशांतला, मी जाऊन येते, एवढंच सांगितलं आणि रिक्षा पकडली. रिक्षावाल्याला म्हणाली, लवकर चल बाबा, माणसं मरायचं काम हाय. खाडीच्या पुलाच्या अलीकडे ट्रेलरची रांग लागली होती आणि रिक्षा तिच्या बाजूने इंचाइंचाने सरकत होती. मीना सारखी फोन लावत होती. तीर्थ आरतीनंतर देतात. कथेचे पाच अध्याय, मग आरती. गुरुजी भराभर वाचणारे असतील तर संपलंही असेल. पूजेला बोलावलेली माणसं कोण असतात तेही तिला माहीत होतं. म्हातारी माणसं आणि कडेवरची मुलं, हीच आधी येऊन बसतात.

ती पोचली तेव्हा दार उघडंच होतं आणि बाहेर चपलांचा ढीग होता. आतून टाळ्यांचा आवाज येत होता. आरती शेवटच्या कडव्यावर होती. हॉल माणसांनी भरलेला होता. चौरंगापाशी जयप्रकाश कारखानीस सोवळं नेसून उभे होते, बँकेतून निवृत्त झालेला सत्तरीचा ताठ माणूस. त्यांच्या शेजारी सुमेधा. आरती संपली, गुरुजींनी मंत्रपुष्प म्हटलं, आणि सुमेधाने चांदीची वाटी आणि पळी उचलून पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईपुढे केली. बाईंनी उजव्या हाताचा तळवा पुढे धरला.

"थांबा," मीना दारातून म्हणाली. "ते तीर्थ कोनाला देऊ नका."

सगळा हॉल वळला. सुमेधाचा हात तसाच राहिला. मीना चपलांच्या ढिगातून आत आली. इतक्या माणसांपुढे ती कधी बोलली नव्हती, पण त्या वेळी तिला लाज वाटायलाही सवड नव्हती. तिने सांगितलं की ह्यातलं दूध माझ्या गोठ्यातलं, गोठ्यात आजार शिरलाय, न तापवता प्यायल्याने एक गरोदर बाई हॉस्पिटलात पडलीय. मी आत्ता तिथूनच येतेय.

कोणीतरी पुटपुटलं की पूजेत हे काय मध्येच. एक बाई लांब सरकली. जयप्रकाशांनी सुनेच्या हातातली वाटी स्वतःच्या हातात घेतली.

"कोणी घेतलंय का आधी?" त्यांनी विचारलं.

सुमेधाचा चेहरा उतरला. पंचामृत कालवताना तिच्या पाच वर्षांच्या जाईने चमचा चाटला होता. एकदाच. बाकी कोणी नाही.

गुरुजी म्हातारे होते, आवाज बसलेला. ते उठले आणि म्हणाले, हे झाडाच्या मुळाशी खोल मातीत घाला, तीर्थ म्हणून आज शुद्ध पाणी देऊ, आणि शिरा शिजवलेला आहे तो निर्धास्त वाटा. चौरंगावरच्या मूर्तीही कढत पाण्याने धुवायला लावल्या. जयप्रकाश स्वतः खाली जाऊन पंचामृत पुरून आले. परत आल्यावर त्यांनी मीनाकडून डॉक्टरचा नंबर लिहून घेतला, जाईच्या बाबतीत काय बघायचं ते विचारलं, आणि मग म्हणाले, "बसा. पाणी घ्या." मीनाने पाणी घेतलं नाही. तिला अजून एकोणीस घरांची दारं वाजवायची होती. तापवून पिणाऱ्यांनाही सांगायला हवं होतं, कोणाकडे आणखी कसली पूजा असेल, कोणी बाळाला वरचं दूध तसंच पाजत असेल, काय सांगावं. अंधार पडेपर्यंत ती जिने आणि लिफ्ट करत राहिली. काहींनी आभार मानले. काहींनी दार अर्धंच उघडून ऐकलं. एका घरात तिच्या हातून डॉक्टरचा नंबर लिहिलेला कागद घ्यायलाही बाई तयार झाली नाही, जमिनीवर ठेवा म्हणाली.

जासईला आली तेव्हा वासरू गेलेलं होतं. सितारामने हातमोजे घालून, डॉक्टरने फोनवर सांगितलं तसा कमरेइतका खड्डा खणून, चुना टाकून त्याला पुरलं होतं. चांदीला त्याने बाकीच्या गाईंपासून तोडून दुसऱ्या टोकाला बांधलं होतं आणि सगळा गोठा ब्लीचिंगने धुऊन काढला होता. वैदेही कशी आहे, एवढंच त्याने विचारलं. सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज त्याच्या फोनवर येऊन पोचला होता. तो त्याने तिला दाखवला नाही, दुसऱ्या दिवशी तिनेच मागून वाचला. निशांतने लिहिलेला होता. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पुढचे तीन दिवस मीनाला अन्न गोड लागलं नाही. बुधवारी वैदेहीच्या कळा थांबल्या, पण ताप उतरेना. गुरुवारी संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला, जंतू रक्तात उतरलेला होता. त्याच दिवशी वासराच्या आणि चांदीच्या नमुन्यांचाही आला आणि जंतू तोच निघाला. जाईला दोन दिवस जुलाब झाले, ती घरीच बरी झाली. योगावाल्या बाईला काहीच झालं नाही आणि ती ते सगळ्यांना सांगत राहिली. मीनाला स्वतःलाच शुक्रवारी पोटात मुरडा धरला. मोजे घालायच्या आधीचे दोन दिवस ती त्या वासराला उघड्या हातांनी पेज पाजत होती. ती सरकारी दवाखान्यात गेली, तपासणी करून आली, आणि रिपोर्ट चांगला येईपर्यंत कॅनला हात लावायचा नाही असं सांगितलं ते तिने पाळलं. दूध काढायचं काम सिताराम करायचा आणि दोन्ही वेळचं दूध चुन्याच्या खड्ड्यात ओतायचा. ओतताना तो तिकडे बघायचा नाही.

रोज सकाळी ती हॉस्पिटलात फोन करायची. नातेवाईक नसल्यामुळे तिथून फार काही सांगत नसत. शनिवारी तिच्या फोनवर वैदेहीचाच फोन आला. आवाज खोल गेलेला होता.

"मीनाताई, ताप उतरला," ती म्हणाली. "बाळ हलतंय."

मग वैदेही म्हणाली की निशांत अजून रागावलेला आहे आणि त्याचा राग जायचा नाही, तुम्ही भेटायला नका येऊ. मीना म्हणाली, नाय येत. वैदेहीने फोन ठेवला नाही. ती म्हणाली, मीही पुस्तकात वाचलं होतं की गरोदरपणात कच्चं दूध पिऊ नये, पण तुमच्या हातचं म्हणून प्यायले. हे वाक्य मीनाला निशांतच्या मेसेजपेक्षा जास्त लागलं.

वैदेहीला छत्तिसाव्या आठवड्यात मुलगा झाला. वजन कमी होतं, आठवडाभर काचेच्या पेटीत ठेवला, मग घरी आणला. हे मीनाला वॉचमनने सांगितलं. त्या गेटमधून ती पुन्हा आत गेली नाही.

सव्वा महिन्याने डॉक्टरने चार गाईंचं दूध विकायला मोकळं केलं तेव्हा चोवीसपैकी सात घरं उरली होती. त्यात कारखानीस होते. मीना आता सड धुऊन, पुसून मगच धार काढते, आजारी गुराची भांडी वेगळी ठेवते, आणि दूध ओतताना प्रत्येक घरी उकळून घ्या म्हणून सांगते. काही गिऱ्हाइकांना तेच तेच ऐकून कंटाळा आला आहे. प्रियदर्शिनीने तिला एकदा गावातल्या बाकीच्या गोठेवाल्या बायकांपुढे बोलायला उभं केलं. मीनाने जे झालं ते सगळं सांगितलं, स्वतःचं ते वाक्यही सांगितलं, कुठलाही भाग गाळला नाही. दोघीजणी मध्येच उठून गेल्या.

चांदी बरी झाली. अंगावर मांस चढलं, वैरण संपवायला लागली, बघणाऱ्याला वाटेल की या गाईला कधी काही झालंच नाही. पण तिच्या शेणाचे नमुने डॉक्टर महिन्याला घेते. पहिला स्वच्छ आला. दुसरा स्वच्छ आला. तिसऱ्यात जंतू परत सापडला. काही जनावरं अशीच राहतात, स्वतः ठणठणीत असतात आणि मधूनमधून जंतू टाकत राहतात, वर्षानुवर्षंसुद्धा, असं प्रियदर्शिनीने समजावलं. कदाचित घाटावरच्या बाजारातून घेतली तेव्हापासूनच चांदीच्या पोटात तो असेल आणि व्याल्यावर अंग थकलं तसा उसळला असेल. तिला विकणाऱ्याला ते ठाऊक होतं की नव्हतं, ते आता कोण सांगणार.

गेल्या आठवड्यात पनवेलकडचा एक दलाल गाई बघायला आला. चांदीच्या पाठीवरून हात फिरवून त्याने लगेच पसंत केली. पाच मिनिटांत टेम्पो आणतो म्हणाला. सिताराम ओट्यावरच बसला होता. त्याने मीनाकडे बघितलं आणि मान खाली घातली, निर्णय तिच्यावर सोडून.

मीनाने आतून फाईल आणली आणि तिसरा रिपोर्ट दलालापुढे धरला. त्याने तो वाचला नाही, त्यात काय लिहिलंय ते तिच्या तोंडूनच ऐकलं. कागद राहू दे, मला गाय अशीच चालेल, पुढे कोण विचारतंय, असं तो हसून म्हणाला.

"मग पुढं जे पितील त्यांना कोन सांगनार?" मीनाने विचारलं.

मोटारसायकलला किक मारून तो निघून गेला. मीनाने हातमोजे चढवले, वेगळं ठेवलेलं घमेलं उचललं आणि चांदीखालचं शेण भरायला वाकली.